न स्वीकारलेला राजीनामा

बाई,

आपला माणूस गेला. परवा सकाळी चहा घेत वर्तमानपत्र चाळत होते, तर आतल्या पानावर मोटारींच्या जाहिरातीला टेकून चार ओळींची बातमी होती. माजी पंतप्रधानांचं वृद्धापकाळानं निधन. फोटो नाही, आणि नावसुद्धा चुकीचं छापलेलं. मी संपादकांना फोन करून उद्या दुरुस्ती छापा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अहो, इथं कुणाला कळणार आहे, आणि तुमचा त्या देशाशी संबंध काय? उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, की मी त्या देशाची पंतप्रधान आहे. गिळलं. पन्नाशी ओलांडलेल्या आणि दर आठवड्याला मंत्र्यासंत्र्यांची टिंगल करून पोट भरणाऱ्या बाईनं असलं काही बोलू नये. पण तुम्हाला माहीत आहे, ते खरं आहे. माझा राजीनामा तुम्ही कधी स्वीकारलाच नाही. आज तो लिहायला बसले आहे. ज्यांच्या नावानं मी पद चालवलं ते राहिले नाहीत, आणि ज्यांच्याकडे राजीनामा द्यायचा त्या तुम्ही तर त्यांच्याही कितीतरी आधी गेलात. तरी रीत ती रीत.

दोह्यातली आपली शाळा तेव्हा नवी होती. भिंतींना रंगाचा वास, खिडकीत घरघरणारा एसी, आणि बाहेर मैदान म्हणून जे होतं ते नुसतं वाळूचं. तुम्ही आम्हाला समाजशास्त्र शिकवायचात. वर्ग इंग्रजीत चालायचा, पण राग आला की तुम्ही थेट मराठवाड्यात जायचात आणि केरळची, सिंध्यांची, गोव्याची मुलंसुद्धा चिडीचूप व्हायची, कारण भाषा कळली नाही तरी सूर कळायचा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्यात. ज्याला जो देश येईल त्याचा तो प्रमुख, वर्ष संपेपर्यंत. नियम एकच होता. 'तो' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. देशानं धरण बांधलं तर मी बांधलं, दंगल झाली तर माझ्या राज्यात झाली. एका मल्याळी मुलीला ब्रिटन आलं. एका सिंधी मुलाला अमेरिका आली आणि त्यानं त्याच दिवसापासून चाल बदलली. मला जो देश आला तो नकाशाच्या घडीत दबलेला होता. घडी उलगडली तेव्हा आग्नेय आशियातलं, भाताचं आणि नद्यांचं एक चिमूटभर ठिकाण दिसलं. मी रडायला लागले. तुम्ही जवळ आलात आणि हळूच मराठीत म्हणालात, "उगं रडू नको. मोठ्या देशवाल्याला काय अभ्यास लागतो गं? त्याच्या बातम्या चालत येतात. तुला शोधाव्या लागतील."

त्या मी शोधल्या नाहीत, त्या घरीच आल्या. बाबा एका फर्निचरच्या दुकानाच्या गोदामात होते, आणि दुकानाचा वेताचा माल नेमका माझ्याच देशातून बोटीनं यायचा. खुर्च्यांच्या पायांना ओरखडे पडू नयेत म्हणून तिथले लोक ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायचे. बाबा ते कागद सोडवून, घडी करून, डब्याच्या पिशवीतून आणायचे. आई कुरकुरायची की नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री नाही आणि परदेशी रद्दीला आहे, पण इस्त्री तापवून द्यायची तीच. गरम कागदातून वेताचा आणि पॉलिशचा वास यायचा. अजूनही कुणाच्या व्हरांड्यात वेताची खुर्ची दिसली की मला प्रशासकीय जबाबदारी आठवते.

पंतप्रधानांच्या पन्नाशीनिमित्त तिथल्या त्या इंग्रजी वर्तमानपत्रानं त्यांचं चरित्र क्रमशः छापलं होतं. मला मात्र ते खुर्च्यांच्या पायांच्या क्रमानं मिळालं. त्यामुळे माझ्या हिशेबी ते आधी पंतप्रधान झाले, मग तुरुंगात गेले, मग गोदी कामगारांचे पुढारी झाले, मग खेड्यातल्या शाळेत मास्तर लागले, आणि जन्माला आले सर्वांत शेवटी, एका टीपॉयच्या पायातून. वडील नावाडी. आई नदीच्या धक्क्यावर केळ्याची भजी विकणारी. पोरगा भज्यांच्या कागदावर वाचायला शिकला, असं त्या लेखात होतं. गोऱ्यांच्या राज्यात मास्तर असताना मुलांना स्वतःच्या देशाचा नकाशा काढायला लावला म्हणून त्यांची नोकरी गेली आणि तुरुंगवास घडला. पुढे शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी होड्यांमध्ये शाळा काढल्या. पूर आला की शाळा बुडायच्या ऐवजी तरंगायची. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ब्रिटननं विचारलं, होडीत शाळा म्हणजे पळून जाणाऱ्या मुलांचं काय? मी म्हटलं, माझ्या मुलांना पोहता येतं. वर्ग हसला. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या होतात, पण तुमचे खांदे हलत होते, मी बघितलं.

मी त्यांच्या प्रेमात पडले होते, बाई. अकराव्या वर्षी माणूस सिनेमातल्या हिरोच्या प्रेमात पडतो. मी एका टक्कल पडलेल्या, जाड चष्म्याच्या, भजीवालीच्या मुलाच्या पडले. शेजारणीनं शाळेत काय चाललंय म्हणून विचारलं तर मी म्हणायचे, परवा नवा पूल बांधला. ती आईला म्हणाली, पोरीला ऊन बाधलं असेल, लिंबूपाणी द्या.

मग एक दिवस बाबांच्या पिशवीतून वेगळाच कागद निघाला. ते नेहमीचं वर्तमानपत्र नव्हतं. हे सरकारी होतं, गुळगुळीत, आणि त्याच्या प्रत्येक पानावर पंतप्रधान हसत होते. पुढच्या खेपेलाही तेच. सोफ्याच्या चारही पायांवर तेच हसू. तुम्ही रेडिओवर ऐकून वर्गात सांगितलंत की त्या देशात सरकारनं ते नेहमीचं वर्तमानपत्र बंद केलं आहे आणि संपादकाला घरात कोंडून ठेवलं आहे. मग मला उभं केलंत. वर्गानं विचारलं, का? मी पाठ सरळ केली. म्हटलं, घर नवं असतं तेव्हा मालक भाडेकरूला भिंतीत खिळे मारू देत नाही. माझा देश नवा आहे. आधी भिंती वाळू देत, मग टांगा काय टांगायचं ते. मुशैरिब मोहल्ल्यातल्या आमच्या घरमालकाचं हेच पालुपद होतं, तेच मी उचललं होतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. अमेरिकेनंसुद्धा. तुम्ही फक्त घड्याळाकडे बघितलंत आणि म्हणालात, बसा.

त्या शुक्रवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमची खोली आमच्या दोन गल्ल्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानाच्या वर. तिथं आता काचेच्या इमारती आहेत म्हणे. बघितल्या तर तुम्ही म्हणाल, एवढ्या काचा पुसणार कोण? तुमचे मिस्टर दुखानला तेलाच्या कंपनीत, आठवड्याला एकदा येणारे. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी थापायलात, मी कट्ट्यावर बसले आहे. ज्वारीचं पीठ सुटीवरून येताना बॅगेतून आणलेलं, म्हणून तुम्ही परातीच्या कडेचंही बोटानं पुसून घेताय. मी शाबासकीची वाट बघते आहे. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, वरून पाणी फिरवलंत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "छान बोललीस. कुणालाच खोटं वाटलं नाही."

मी म्हटलं, थँक्यू, बाई.

"थँक्यू काय करायलीस? मी भ्याले गं तुझं बोलणं ऐकून." भाकरी फुगली, तुम्ही ती चिमट्यानं काढलीत. "आता पुढच्या तासाला तू संपादक. घरात कोंडलेला. बोल काय बोलायचंय ते."

तेवढंच. मग ताटात भाकरी, ठेचा, वर तेल. पोटात आग पडेपर्यंत मी जेवले आणि घरी जाऊन रडले, ठेच्यामुळे आणि इतर कारणांमुळे. बाई, त्यानंतर कितीतरी मोठ्या लोकांनी माझ्यावर टीका केली, एका मंत्र्यानं तर भर सभेत. कुणाचीच लागली नाही. जागा आधीच भरलेली होती.

पुढच्या तासाला मी संपादक म्हणून उभी राहिले आणि तोंडात पंतप्रधानच येत राहिले. मग मला सुचलं. मी बाकाच्या एका बाजूला उभी राहून पंतप्रधान म्हणून बोलले, उडी मारून दुसऱ्या बाजूला गेले आणि संपादक म्हणून उत्तर दिलं. पंतप्रधान म्हणाले, तुझं वर्तमानपत्र देशाला घातक आहे. संपादक म्हणाले, साहेब, त्यात तुमचंच चरित्र चाललं होतं. पंतप्रधान म्हणाले, म्हणूनच, तू माझ्या आईच्या भज्यांबद्दल लिहिलंस, आता सगळे मंत्री फुकट मागतात. वर्ग बाकांवर डोकं आपटून हसत होता. मी उड्या मारून घामाघूम. शेवटी संपादक म्हणाले, मी घरातच आहे, साहेब, कधीही या, भजी आणा. आणि सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता मला अजून आठवते. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते त्या शांततेपर्यंत पुन्हा पोचण्यासाठी. बहुतेक वेळा हसण्यापर्यंतच पोचते. तुम्ही तास संपल्यावर माझ्या बाकावरची पाटी उचललीत. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, प्रत्येकाच्या देशाची असायची तशी. पुढच्या बाजूला 'पंतप्रधान' होतं. तुम्ही मागच्या बाजूला 'संपादक' लिहिलंत आणि परत ठेवलीत.

आणि त्याच हिवाळ्यात ते दोह्याला आले. खरे. पाहुणे म्हणून, तेलाच्या कसल्याशा करारासाठी. शाळाशाळांतून मुलं बोलावली होती, समुद्रकाठच्या नव्या हॉटेलच्या बागेत झेंडे घेऊन उभं राहायला. आपल्या शाळेतून आपलाच वर्ग निवडला गेला, कारण तो झेंडा कसा धरायचा हे फक्त आपल्याला माहीत होतं. इतर शाळांनी तो झाडून सगळ्यांनी उलटा धरला होता. ते रांगेवरून चालत येत होते, हात हलवत, थकलेले, आणि फोटोपेक्षा बरेच बुटके. माझ्यासमोर थांबले, कारण झेंडा सुलटा होता. वाकले आणि इंग्रजीत विचारलं, तू कोण?

आता दुसरं कुठलंही पोर असतं तर आपलं नाव सांगितलं असतं. पण वर्षभर तुमच्या वर्गात उभं केलं की एकच उत्तर द्यायची सवय होती. मी म्हटलं, "मी तुमच्या देशाची पंतप्रधान आहे, सर."

मागचे अधिकारी दचकले. ते हसले नाहीत. चष्मा वर केला आणि एका सहकाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "असं का? मग कसं चाललंय आपलं?"

"शाळांचं छान चाललंय, सर. पण वर्गात सगळे त्या वर्तमानपत्राबद्दल विचारतात."

"तू काय सांगतेस?"

"आधी मी सांगायचे की ते गरजेचं होतं. मग बाईंनी मला संपादक केलं. आता मला सांगता येत नाही."

त्यांनी माझ्या झेंड्याचा चुरगळलेला कोपरा सरळ केला. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तुझ्या बाईंना सांग, त्यांचा वर्ग माझ्या मंत्रिमंडळापेक्षा अवघड आहे." आणि पुढे गेले. मी तरंगत होते. बसमध्ये चढताच तुमच्यापाशी आले आणि सगळं एका दमात सांगितलं, ते शेवटचं वाक्य तर दोनदा. कुठलीही बाई फुलली असती. तुम्ही विचारलंत, "आणि उत्तर?"

मी म्हटलं, कसलं?

"वर्तमानपत्राचं."

"ते नाही दिलं."

"मग वर्गात तसंच सांगायचं," तुम्ही म्हणालात. "उत्तर दिलं नाही." आणि बसची खिडकी बंद केलीत, धूळ येत होती. बाई, राजकारण्यांबद्दल मी जे शिकले ते सगळं त्या एका बसमध्ये. पुढची चाळीस वर्षं नुसती उदाहरणं आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत कहर झाला. प्रिन्सिपलसाहेब घाबरले होते. आपण इथं पाहुणे, पाहुण्यांनी पाहुण्यांना असलं विचारायचं? कुणाचा व्हिसा जाईल, कुणाची शाळा. आमच्या इमारतीत ही बातमी माझ्याआधी पोचली. आईनं माळ्यावरच्या बॅगा काढून पुसून ठेवल्या. शेजारीण म्हणाली, खलास, आता विमानातच बसवणार. बाबा एवढंच म्हणाले की विमानात बसवलं तर बसू, नाहीतरी सुटी मिळत नव्हती. मला ऑफिसात बोलावलं गेलं. तुम्ही तिथं आधीच उभ्या होतात. साहेबांनी मार्ग काढून ठेवला होता: मी सकाळच्या प्रार्थनेनंतर माफी मागायची, आणि तुम्ही म्हणायचं की मुलीनं हे मनानंच केलं, तुम्ही शिकवलेलं नाही. म्हणजे तुमचा करार पुढे चालू राहायला अडचण नाही. तुमच्या मिस्टरांची तब्येत तेव्हा बरी नव्हती आणि तुमचा पगार लागत होता. हे मला आईकडून कळलं होतं, म्हणून मी लगेच माफी मागायला तयार झाले. तुम्ही माझा हात धरलात आणि साहेबांना म्हणालात, "मी शिकवलंय, सर. वर्षभरात तेवढं एकच नीट शिकवता आलं. ते कसं नाकारू?"

गंमत अशी की कुणीच तक्रार केली नव्हती. ना हॉटेलनं, ना सरकारनं, ना पाहुण्यांनी. भीती आपली आपणच शिजवली आणि आपणच वाढून घेतली. पण एकदा शिजवलेलं टाकून कसं द्यायचं? तुमची नोकरी राहिली, समाजशास्त्र काढून घेतलं. तुम्हाला बालवाडीला शिवण आणि कागदकाम दिलं. एवढी सरकारं चालवणारी बाई कागदाची बदकं करायला लागली. आणि तरी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या कूलरपाशी, हातात कात्री घेऊन तुम्ही उभ्या असायचात आणि आमची मंत्रिमंडळं तिथं भरायची, वर्ष संपलं तरी. ब्रिटन, अमेरिका, मी. रांगेतली लहान मुलं पेला भरून ऐकत राहायची.

पुढच्या वर्षी एका झोपाळ्याच्या साखळीवर ते जुनं वर्तमानपत्र परत आलं; निवडणुकीसाठी बंदी उठली होती. पहिल्या पानावर मोठा फोटो: पंतप्रधान निवडणूक हरले होते. बातमी जुनी होती. म्हणजे हरल्यावरही मी आठवडेच्या आठवडे राज्य करत होते. फोटोत ते सरकारी घराच्या पायऱ्या उतरत होते, स्वतःची बॅग स्वतःच्या हातात, निकालाच्याच संध्याकाळी. कुणावर ठपका नाही, फेरमोजणी नाही. मी तो कागद घेऊन कूलरपाशी आले. कळलं की तुम्हाला रेडिओवरून केव्हाच माहीत होतं. तुम्ही म्हणालात, तुझी बातमी तुझ्याच कागदावरून तुला कळू दे, म्हणून थांबले होते. मी रडत राजीनामा दिला, तोंडी. तुम्ही एक बदक कापून पूर्ण केलंत.

"नाही घेत," तुम्ही म्हणालात. "खुर्ची गेली, माणूस आहे की. आता तो काय करतो ते बघायचं. तेच बघायचं असतं, लेकरा."

बघितलं, बाई. तुम्ही दोहा सोडून परभणीकडे परतलात, मग पत्रं विरळ झाली, मग कुणाच्या तरी लग्नात कळलं की तुम्ही गेलात, वर्ष होऊन गेलं होतं. मी बघत राहिले, मोठी झाल्यावर ते वर्तमानपत्र टपालानं मागवून. त्यांनी ज्या वर्तमानपत्राला कुलूप घातलं होतं त्यातच ते दर रविवारी लिहायला लागले, आणि तेव्हाच्या सरकारवर तक्रार काय, तर ते वर्तमानपत्रांना त्रास देतं. मी यावर लेख लिहायला घेतला होता. इतका आयता विनोद रोज हाती लागत नाही. पण त्याच पानावर पुढच्या रविवारी त्यांनी लिहिलं की पूर्वी मीही हेच केलं होतं, आणि ते चूक होतं. एवढंच, मखलाशी न करता. उत्तर आलं, बाई. उशिरा आलं, पण मी तुमच्या वर्गात आता उभी राहून सांगू शकते की दिलं. पुढे पक्षानं परत बोलावलं तेव्हा गेले नाहीत. नदीकाठच्या त्या जुन्या शाळेत आठवड्यातून दोनदा शिकवायचे म्हणे. नकाशे काढायला लावत असतील.

परवा मी त्यांच्यावर लिहिलं. साधं, सरळ. संपादकांचा फोन आला की मॅडम, यात विनोद कुठाय? मी म्हटलं, या माणसाच्या आईनं भजी विकली, तेवढं ठेवा. माझ्या टेबलावर तुमची पुठ्ठ्याची पाटी आहे. कोपरे झिजलेत, अक्षर शाबूत आहे. एरवी तिची 'संपादक' ही बाजू खोलीकडे असते. परवा फिरवून ठेवली.

आता राजीनामा. आयुष्यभर मी खुर्ची न सोडणाऱ्यांवर लिहिलं आहे. त्यांची कारणं मला पाठ आहेत: जनतेचा आग्रह, अपुरी कामं, योग्य वारस नाही. सकाळपासून चार वेळा कागद पुढे ओढला. 'मी याद्वारे' इथपर्यंत येते आणि थांबते. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, तुमचा पत्ता मला ठाऊक नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. राजीनामा जोडलेला नाही. मला हे पद आवडतं, बाई.